तंगूस

बाड्यावरच्या दुकानात मामीनं तंगूस मागितला.
दुकानदार म्हणाला, "वो क्या होता है, माताजी?"
मामी हसली. मालवणहून निघताना
तिच्या ट्रंकेत हा एकच शब्द ओला होता,
ग्वाल्हेरच्या उन्हात चाळीस वर्षं
तिनं तो वाळू दिला नव्हता.

मग तिनं हवेत बोटानं रेघ ओढली.
"अच्छा, डोरी!"
काचेवर रिळं मांडली गेली:
हिरवं, निळं, एक झगझगीत पोपटी.
पोपटी तिनं बाजूला सारलं,
"हे माणसांना पकडायला."

जाड धाग्यात जोर, पण पाण्यात तो दिसतो.
बारीक दिसत नाही, पण खडकाशी भांडला की हरतो.
तिघऱ्याचा काठ खडकाळ, रोहू दोन-तीन किलोचा.
"पॉइंट पस्तीसचा दे," ती म्हणाली,
"आणि वरचं रीळ नको, मागचं काढ.
वरच्यानं अख्खा मे काचेतून ऊन खाल्लंय."

विणलेला धागाही होता, नव्या पोरांचा,
महाग, जराही न ताणणारा.
मामा असता तर त्यानं तो उसवून पेड मोजले असते.
बिर्लानगरच्या मिलमध्ये तो सूत तपासायचा,
आणि मिल बंद झाल्यावरही
सुतळी, शर्टाची बाही, माझ्या वेणीतली रिबीन
बोटांतून सरकवायचा, गाठ शोधत.
मामीचं गळ टाकणं त्याला कधी पटलं नाही,
पण निघायच्या आधी
धाग्याचे पहिले पंधरा हात
डोळे मिटून तोच तपासायचा.
खरखर लागली की म्हणायचा, "इथं तोड."
"संसारात मी त्याचं एवढंच ऐकलं,"
असं ती म्हणते.

रविवारी तिघऱ्यावर.
माझ्याकडं मागच्या वर्षीचं रीळ,
गच्चीवर टाकीखाली विसरलेलं.
सोडलं तर पाण्यावर नुसती वेटोळी.
"वर्षभर गोल बसलं," मामी म्हणाली,
"आता त्याला सरळ जाणं आठवत नाही.
टोक बाभळीला बांध. पन्नास पावलं चाल.
हळू ताण. थांब. श्वास घे."
मी थांबले. दोघींच्या मधे
एक न दिसणारी गोष्ट थरथरत होती.
वेटोळी सैलावली. पुरती गेली नाहीत.

गळ बांधताना ओरडली,
"थुंकी लाव आधी! कोरडी गाठ
स्वतःलाच घासून जळते,
आणि मासा लागेपर्यंत सांगत नाही."

मासा लागला नाही.
लागला होता तो एक पाणकावळा,
बाभळीच्या मुळाशी, पाय आणि पंख
कुणाच्या तरी तुटक्या धाग्यात.
मामीनं त्याच्या डोळ्यांवर पदर टाकला,
मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा तोडला.
पदर फाटला, माझं मनगट सोललं,
तो उडाला तेही वाकडा.

मामी तो धागा दोन बोटांत फिरवत बसली.
हिरवा. पस्तीसचा.
"आपला असेल का गं?"
मी काही बोलले नाही.
"आपल्याला जाळून झालं तरी हा असाच राहील," ती म्हणाली,
आणि तुकडे मामाच्या तंबाखूच्या डबीत भरले.
डबीत आधीचे तुकडेही होते. मला माहीत नव्हतं.

घरी गोड्या पाण्याच्या फडक्यानं तिनं रीळ पुसलं,
कपाटात, अंधारात, मामाच्या शर्टांखाली ठेवायला निघाली,
मग थांबून टोक माझ्या हातात दिलं.
"डोळे मीट."
एक हात, दोन हात,
सातव्याला काहीतरी लागलं,
किंवा माझंच बोट चिरलेलं होतं.
"इथं?" मी विचारलं.
"मला काय विचारतेस," मामी म्हणाली,
आणि कात्री पुढं केली.